वरची आळी

परदेशात जाऊन राहिलेल्या बाईला इकडचे लोक दोनच प्रश्न विचारतात. थंडी किती असते, आणि रुळलीस का. थंडीचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला मी 'हो, रुळले की' म्हणून मोकळी होते, कारण खरं सांगायला बसले तर समोरच्याचा चहा निवून जाईल. रुळले हे खोटं नाही. पण रुळण्यासाठी मी जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि म्हणूनच आता लिहून टाकते आहे.

आयर्लंडमधलं ते गाव आमच्या इंदापूरपेक्षाही लहान. एक नदी, तिच्यावर एक पूल, दोन चर्च, एक मोठं दुकान आणि गावाबाहेर औषधांची फॅक्टरी. मी बारामतीत फार्मसी केली, पुढं पुण्यात सहा-सात वर्षं गोळ्या तपासण्याच्या लॅबमध्ये काढली आणि मग या फॅक्टरीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. पहिले चार आठवडे कंपनीनं गेस्ट हाउस दिलं होतं. नंतरची खोली माझी मी बघायची होती. बघायला लागल्यावर कळलं की तिथं घरमालकाला आधीच्या घरमालकाची चिठ्ठी लागते. चिठ्ठी नाही म्हणून खोली नाही, खोली नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून बँकेत खातं नाही. लोक मात्र इतके गोड बोलायचे की राग कुणावर काढावा तेच समजत नव्हतं. कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी भर दुपारी लॅबच्या जिन्यात बसून रडले, तोंड धुतलं आणि परत कामाला लागले.

त्याच आठवड्यात ताई भेटली. मी त्या मोठ्या दुकानात तांदूळ बघत होते आणि पलीकडं एक बाई फोनवर बोलत होती, "हितं मेथी मिळत न्हाय गं आई, पालकावर भागवतीय." ते 'हितं' कानावर पडलं आणि मी हातातली पिशवी तशीच खाली ठेवून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती माळेगाव बुद्रुकची निघाली, म्हणजे आमच्या घरापासून गाडीनं तासाभरावरची. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिथल्या दवाखान्यात नर्स होती, नवरा घरी बसून कंप्युटरचं काम करायचा, मुलगी शाळेत जायची. त्याच संध्याकाळी तिनं मला चहाला घरी नेलं.

दुसऱ्या कपाला मी तिला सांगून टाकलं की आम्ही बौद्ध. ही सवय मला वडिलांनी लावली. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि दर चार-पाच वर्षांनी त्यांची बदली व्हायची. नव्या गावात खोली बघायला गेले की ते आधी जात सांगायचे आणि मग भाडं विचारायचे. मागून कळून सामान बाहेर निघण्यापेक्षा आधीच उंबऱ्याबाहेर थांबलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं होतं. या त्यांच्या बाण्यापायी एका गावात आम्ही तीन महिने शाळेच्या सामानाच्या खोलीत राहिलो, गुंडाळलेले नकाशे आणि मोडक्या बाकांच्या मधे. आई तेव्हा त्यांच्यावर फार चिडायची. मीही मनातून चिडायचे.

ताई मात्र हसली. म्हणाली, अगं, इथं कोण विचारतंय, इथल्यांना आपण सगळे सारखेच काळे. आणि तिनं मागची खोली मला देऊन टाकली. एक पलंग, एक खिडकी आणि खिडकीबाहेर कचऱ्याचे तीन रंगांचे डबे. कुठल्या दिवशी कुठला डबा रस्त्यावर ठेवायचा ते तिनं शिकवलं. पाणी तापवायचं बटण, बसचा पास, बँकेतली बाई, सगळं तिनं हाताला धरून करून दिलं. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी तिच्याबद्दल फारसं बरं लिहिणार नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी मिळून स्वयंपाक करायचो. ती मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून माळेगावला आईशी व्हिडिओवर बोलायची आणि मी मागं ओट्याशी भाजी चिरत असायचे. मधेच फोनमधून माझी चौकशी व्हायची. मी वळून हात हलवायचे. ती म्हातारी मला फार आवडायची. तिच्या आवाजामागं गाईचं हंबरणं ऐकू यायचं आणि मला घरी गेल्यासारखं वाटायचं.

आठ महिने असे गेले. जानेवारीत मला पहिली सुट्टी मिळाली. तिकडून गावी जाणाऱ्याची बॅग कधीच त्याची एकट्याची नसते. कुणाच्या आईचं मलम, कुणाच्या भाचीची खेळणी, सगळं त्यात येतं आणि येताना तेवढंच वजन मसाल्याचं आणि पापडांचं होऊन परत जातं. ताईनं तर अर्धी बॅग भरली. आईसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र, वडिलांसाठी लोकरीचं जाकीट, चॉकलेटं, क्रीमच्या बाटल्या. बॅगेची चेन ओढता ओढता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "आईनं विचारलं तर फार खोलात शिरू नकोस हं. मी तिला सांगितलंय, तू आपल्यातलीच आहेस म्हणून."

कधी सांगितलंस, असं मी विचारलं. पहिल्याच आठवड्यात, ती म्हणाली. तू मागं भाजी चिरत होतीस, आईनं विचारलं ओट्याशी कोण हाय गं ती, मग काय सांगणार होते, म्हातारी माणसं आहेत, त्यांना फोनवर कुठवर समजावायचं. वर असंही म्हणाली की तुझं आडनाव तसं दोन्हीकडं चालतं.

म्हणजे आठ महिने त्या ओट्याशी जी भाजी चिरत होती ती मी नव्हतेच, दुसरीच कुणीतरी होती. हे मला तेव्हा नीट कळलं. कळूनही मी काय म्हणाले? 'बरं' म्हणाले. मार्चपासून मला स्वतःची वेगळी खोली मिळायची होती आणि तिच्या मालकिणीला ताईच्या नवऱ्याची चिठ्ठी हवी होती. ती अजून लिहून व्हायची होती. पण सगळं चिठ्ठीवर ढकलण्यात अर्थ नाही. मला भीती होती ती वेगळीच. त्या सबंध गावात माझं नाव नीट उच्चारणारं ते एकच घर होतं, आणि ते मला घालवायचं नव्हतं.

इंदापूरला आल्यावर मी मनाशी ठरवलं की एसटीनं बारामतीला जायचं, तिथून माळेगाव गाठायचं, दारातच पिशवी द्यायची, पाणी प्यायचं आणि दहा मिनिटांत निघायचं. पण अण्णा म्हणाले, एकटी कशाला जातेस, मला तसंही बारामतीला डोळे दाखवायचे आहेत, गाडी काढतो. सकाळी बघते तर त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. हातात पेढ्यांचा पुडा आणि एका पिशवीत डाळिंबं. ज्या माणसांच्या लेकीनं आपल्या लेकीला परमुलखात आसरा दिला, त्यांच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, असं ते आईला सांगत होते.

इंदापूरपासून बारामतीपर्यंत सांगायला वेळ होता. मी सांगितलं नाही. कारखान्यांचा हंगाम चालू होता. दोन-दोन ट्रेलर लावलेले उसाचे ट्रॅक्टर पुढं डुलत चालले होते आणि गाण्यांच्या आवाजानं कान किटत होते. अण्णा एकेका ट्रॅक्टरमागं दम धरून गाडी चालवत होते आणि मला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या बातम्या सांगत होते. कोण फौजदार झालं, कुणी भिगवणला हॉटेल टाकलं. मी हूं हूं करत होते. प्रत्येक ट्रॅक्टरला मला वाटायचं, हा ओलांडला की सांगू.

माळेगावचं घर दुमजली होतं. पुढं सिमेंटचं अंगण, मागं गोठा. काकू, म्हणजे ताईची आई, फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवला आणि कानशिलाशी नेऊन कडाकडा बोटं मोडली. "आमची लेक म्हणती, तू हायस म्हनून मला तितं करमतंय," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मलाही गहिवरून आलं. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला ती बाई आईसारखी वाटली. लगेच लक्षात आलं की ही माया ज्या मुलीसाठी आहे तिचं फक्त तोंड माझ्यासारखं आहे.

दहा मिनिटांचं काही खरं नव्हतं. लेकीचा फोन आल्यापासून काकू स्वयंपाकाला लागल्या होत्या. शेवग्याची आमटी, भरली वांगी, बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. आबांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, अण्णांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. आबा मवाळ गृहस्थ. आयुष्य उसात गेलेलं, कारखान्याचे जुने सभासद, गुडघेदुखीनं बेजार. गुरुजी घरी आले याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता. आपण चौथीतच शाळा सोडली, याची खंतही त्यांनी अण्णांना बोलून दाखवली.

आमच्या भागात जेवायला बसलेल्या पाव्हण्याला जात कुणी विचारत नाही. ते वाईट दिसतं. गाव विचारतात, मग आळी विचारतात, मग मामा कुठले ते विचारतात. तीन प्रश्नांत माणूस पुरता उघडा होतो, आणि कुणी काही विचारलं असंही होत नाही. मी लहानपणापासून ही चौकशी बघत आले आहे. माझी स्वतःची झाली की कुठल्या प्रश्नाला समोरच्याचा चेहरा बदलेल हे मला आधी सांगता येतं.

आबांनी मूळ गाव विचारलं. अण्णांनी सांगितलं. आमचं मूळ गाव भीमेच्या काठी होतं, उजनीच्या पाण्याखाली गेलं. सरकारनं वर माळावर नवं गावठाण आखून दिलं. नवी जागा, नवे रस्ते, सगळ्यांनी शून्यापासून घरं बांधली. तरी वरची आळी वरच राहिली आणि खालची खालीच. सगळं गाव बुडालं, आळ्या तेवढ्या तरल्या. आमचं घर खालच्या आळीत.

आबांचा चेहरा खुलला. म्हणाले, "तितं आमचं पाव्हणं हायत की. तुमी कुठल्या आळीतले सर, वरच्या का खालच्या?"

अण्णांच्या तोंडात घास होता. ते घास नीट चावून, गिळून मगच बोलतात, शाळेतल्या पोरांनाही त्यांनी तेच शिकवलं. तेवढ्या वेळात मी बोलले.

"वरच्या," मी म्हणाले.

अण्णांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गातल्या हुशार मुलीनं शेजारणीच्या पेपरात बघून लिहिलं की शिक्षक बघतात, तसं. मग त्यांनी परत ताटाकडं नजर वळवली. काकूंना यातलं काहीच दिसलं नाही. त्यांनी मला वांगं वाढत विचारलं की मामा कुठले. फलटणकडचे, मी म्हणाले. माझा मामा इंदापुरातच आहे, एसटीच्या वर्कशॉपला. आदल्याच दिवशी तो माझ्यासाठी भिगवणहून मासे घेऊन आला होता आणि स्वतः साफ करून देऊन गेला होता. एकदा जीभ वळली की तिला वळण लागतं. फलटण म्हणताना मी अडखळलेही नाही.

आता आपल्याच माणसांत बसल्यासारखे आबा सैल झाले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मंग तुमाला ठावंच आसंल सर. आमचं पाव्हणं सांगत्यात, खालच्या आळीतली लई पुढं गेल्यात म्हणं आता. पोरं परदेशात काय, बंगले काय. कुणाला मोजत न्हाईत."

ते द्वेषानं बोलले नाहीत. यंदा थंडी कमी आहे, हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात बोलले. मला वाटलं, आता अण्णा सांगणार. मी वाट बघत होते. खरं म्हणजे त्यांनी सांगावं अशी माझी इच्छा होती, कारण मग खोटं त्यांच्या तोंडून मोडलं असतं आणि ताईला सांगायला मी मोकळी राहिले असते की माझा काही दोष नाही. इतकी मी त्या वेळी हिशेबी झाले होते. अण्णांनी तांब्या उचलून पाणी घेतलं, प्यायले.

"शिकली, म्हणून गेली पुढं," ते म्हणाले. आणि काकूंकडं वळून म्हणाले की भाकरी फार छान झालीय, अर्धी द्या.

उभ्या नोकरीत त्यांनी एका खोलीसाठी जे केलं नाही ते त्यांनी माझ्यासाठी अर्ध्या भाकरीच्या आडून केलं. मी ताटातली भाकरी नुसती मोडत राहिले. काकू म्हणाल्या, तिकडं राहून पोरीचं खाणंच मोडलंय.

निघताना काकू मला हाताला धरून देवघरात घेऊन गेल्या. कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाल्या, पाया पड, लांबचा प्रवास हाय. आमच्या घरी देव नाहीत. धम्म घेतला त्या वर्षी आजीनं घरातले टाक फडक्यात बांधून स्वतःच्या हातानं भीमेत सोडले, आणि पुन्हा कुठल्या देवासमोर तिनं हात जोडले नाहीत. ती अडाणी होती, पण तिच्यात ती धमक होती. मी एम.फार्म. शिकलेली. मी हात जोडले, वाकलेसुद्धा. वळून बघितलं तर अण्णा दाराशी सँडल घालत होते आणि त्यांना पट्टा लावायला फार वेळ लागत होता.

काकूंनी दोन पिशव्या बांधल्या होत्या. एक लेकीसाठी आणि एक तशीच माझ्यासाठी. काळा मसाला, कुरडया, गूळ, शेंगदाण्याची चटणी. आबा गाडीपर्यंत आले, अण्णांचा नंबर त्यांनी मागून घेतला. परत या म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

बारामतीला डॉक्टरांकडं अण्णांनी फळ्यावरची अक्षरं वाचली, नव्या चष्म्याचा नंबर घेतला. परतीच्या वाटेवर मीच म्हणाले की अण्णा, तिनं आधीच तसं सांगून ठेवलं होतं, मी काय करणार होते. ते समोर बघत गाडी चालवत राहिले.

"तुला तिथं राहायचंय, ते मला कळतं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मला आधी सांगायचंस. मी आलो नसतो."

बस. एवढंच. त्यांनी मला झापलं असतं तर मी उलट भांडले असते. एवढ्या उच्च विचारांपायी तुमची बायको-पोरं नकाशांमधे झोपली, असं काहीबाही तोडून बोलायची माझी तयारीसुद्धा होती. त्यांनी ती संधी दिली नाही. घरी आईनं विचारलं, माणसं कशी आहेत. अण्णा म्हणाले, चांगली आहेत. आणि त्यात खोटं काही नव्हतं. चांगलीच होती.

मी परत गेले. ताईच्या नवऱ्यानं चिठ्ठी लिहून दिली, चांगली दीड पानांची, आणि मार्चमध्ये मला पुलापलीकडं खोली मिळाली. ताईनं मला पडदे दिले, एक जुना कुकर दिला. म्हणाली, आई तुझ्या वडिलांवर भारी खूश आहे, असा सरळ माणूस बघितला नाही म्हणते. मी कुकरची शिट्टी बसते का ते बघत राहिले.

एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी अण्णांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले की माळेगावच्या काकूंचा फोन होता. गुरुवारी त्यांना इंदापुरात लग्नाला यायचं आहे, लग्न लागलं की दोघंही आपल्याकडं चहाला येणार आहेत. मागच्या खेपेला आपण गेलो, आता त्यांनी येणं रीतीचंच होतं. मला ते आधी सुचायला हवं होतं.

"हॉलमधले फोटो काढून ठेवायचे का?" त्यांनी विचारलं. "तुझी आई विचारतीय."

ते टोमणा मारत नव्हते. अण्णांना टोमणे मारता येत नाहीत. आभाळ आलंय, वाळत घातलेले कपडे आत घेऊ का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. आमच्या दारातून आत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर ते दोन फोटो आहेत. मला कळायला लागल्यापासून आहेत. शाळेच्या त्या सामानाच्या खोलीतसुद्धा अण्णांनी आधी खिळा ठोकला होता आणि मग अंथरूण सोडलं होतं.

मी नाही म्हणाले. पण लगेच म्हणाले नाही. तासाभराचाच प्रश्न आहे, असं माझ्या मनात येऊन गेलं. चहा घेतील, बसतील, जातील, संध्याकाळी परत लावता येतील. हे सगळं मनात येऊन जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी गप्प होते. एवढ्या लांबून आवाज नीट पोचत नाही असं लोक म्हणतात, पण गप्प बसलेलं मात्र स्वच्छ पोचतं.

मग मी म्हणाले, "नाही अण्णा. राहू देत."

बरं, ते म्हणाले. मग त्यांना आधी फोन करून आपण कोण ते सांगतो, यायचं असलं तर येतील. आणि त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला.

गुरुवारी कुणी आलं नाही. आबांचा गुडघा फार दुखतोय, लग्नालाही जाणं जमेना, असा निरोप आला. दुखतही असेल. दुखतच होता तो, मी स्वतः त्यांना उठताना बघितलं होतं. आईनं केलेले चिवडा आणि लाडू दोन दिवस घरातच खाल्ले.

शुक्रवारी ताईचा फोन आला. म्हणाली की तुझ्या वडिलांना काय गरज होती गं. आईला फार लागलंय. तिला जातीचं काही नाही, पण आपल्या ताटात जेवून माणसं खोटं बोलली याचं तिला वाईट वाटलं.

मी म्हणाले, "ताई, खोटं तुझं होतं."

"मी फोनवर एकदा सांगितलं," ती म्हणाली. "तू जेवायला बसून सांगितलंस."

भांडणात समोरचा खरं बोलला की फार राग येतो, तसा मला आला आणि मी फोन ठेवला. आता आम्ही दुकानात भेटतो. ती खोली कशी आहे विचारते, मी तिच्या मुलीची शाळा विचारते. तिच्या ओट्याशी मी पुन्हा उभी राहिले नाही. माळेगावच्या गुळाची ढेप संपवली आणि पिशवी टाकून दिली.

त्या गावात माझं आता ठीक चाललंय. शेजारची म्हातारी माझं पार्सल आलं तर घेऊन ठेवते. बसचा ड्रायव्हर मला लांबून बघून थांबतो. लायब्ररीत मी गेले की तिथली बाई माझ्यासाठी काढून ठेवलेलं पुस्तक पुढं करते.

अण्णांनी मला त्या दुपारबद्दल पुन्हा एक शब्द विचारलेला नाही. मी दर रविवारी फोन करते. पूर्वी फोन उचलला की ते हॅलोसुद्धा न म्हणता सुरू व्हायचे. जयंतीच्या मिरवणुकीला यंदा कुणाला बोलावलंय, विहारात मुलांसाठी अभ्यासिका काढतोय, कुणी किती वह्या दिल्या, सगळं एका दमात. आता ते आधी विचारतात, "शेजारी कुणी आहे का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी सहज सांगितलं की हो, लॅबमधली साताऱ्याची एक मुलगी आलीय जेवायला. त्या दिवशी ते फक्त डाळिंबांबद्दल आणि ऊन किती वाढलंय याबद्दल बोलले, आणि दोन मिनिटांत म्हणाले, ठेवतो आता. मी परत फोन लावून विचारलं की अण्णा, असं का. ते म्हणाले, "तू तिथं काय सांगितलंयस ते मला माहीत नसतं ना. उगाच माझ्या तोंडून काही जायला नको."

आता मी फोन लावण्याआधी दार लावून घेते. कुणी नाही अण्णा, मी एकटीच आहे, असं सांगते. मग ते बोलतात.